ठोकलेली गाडी : दुरुस्त करावी की सोडून द्यावी?

२०२४ च्या जुलै महिन्यात आमची गाडी परशुराम घाटात ठोकली गेली. चिपळूणहून खेडला भाचीच्या मंगनीला निघालो होतो. पाऊस असा की वायपर पूर्ण जोरात लावूनही काच पुसली जात नव्हती. एका वळणापुढे कडेला डंपर उभा होता, मागचे दिवे बंद. ब्रेक दाबला, चाके जाम झाली आणि गाडी चिखलावरून सरळ घसरत जाऊन डंपरच्या मागच्या कोपऱ्याला लागली. गाडी कोण चालवत होते ते इथे लिहीत नाही. घरात तसे ठरले आहे. अलहमदुलिल्लाह, सर्वांचे जीव वाचले. पुढच्या सीटवर बसलेल्या अम्मींच्या खांद्यापासून कमरेपर्यंत पट्ट्याचा काळानिळा वळ उठला आणि गुडघा डॅशबोर्डवर आपटला. मागच्या सीटवरचे मिठाईचे खोके पुढच्या काचेला जाऊन चिकटले होते.

आम्ही दोघे नवरा-बायको शिक्षक. गाडी २०१५ ची वॅगनार. अब्बांनी निवृत्तीच्या पैशातून रोख घेतलेली. अब्बा २०२१ मध्ये गेले, आणि तेव्हापासून घरात तिला कोणी 'गाडी' म्हणतच नाही, 'अब्बांची गाडी' असेच म्हणतात. म्हणून दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या अंगणात तिचे चेपलेले तोंड पाहिले तेव्हा अम्मींनी एकच विचारले, "कधी दुरुस्त होईल?" होईल का, करावी का, हे प्रश्न त्यांच्या मनात नव्हतेच. आमच्याही नव्हते. ते पुढच्या तीन आठवड्यांत उभे राहिले. त्या तीन आठवड्यांत जे शिकलो ते लिहावे असे वाटले, कारण आपल्या घरांतून आता गाड्या पुष्कळ आहेत, पण ठोकल्यावर काय करायचे हे ठरवायची वेळ आली की सल्ला देणारे दहा असतात आणि हिशेब मांडणारा एकही नसतो.

एक गोष्ट अगदी रस्त्यावरचीच सांगतो. धडकेनंतर इंजिन चालू होत होते. बघ्यांपैकी एकजण म्हणाला, हळूहळू चालवत न्या, टोइंगचे पैसे कशाला घालवता. रेडिएटर फुटलेला होता, खाली हिरवे पाणी सांडत होते. तशी गाडी चालवली असती तर इंजिन तापून हेड गेले असते, आणि ते नुकसान विमा कंपनीने दिले नसते. ठोकलेली गाडी तशीच चालवून नुकसान वाढले तर ते मालकाच्या माथी, अशी अट पॉलिसीत असते. आम्ही क्रेन बोलावली.

आता विम्याकडे वळू. विम्याबद्दल उलेमांची मते वेगवेगळी आहेत हे वाचकांना ठाऊक आहे. थर्ड पार्टी विमा मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे, त्यामुळे तो सगळेच काढतात. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा अनेक घरे काढत नाहीत. आम्ही या बाबतीत मत देण्याच्या योग्यतेचे नाही. आमच्या गाडीला अब्बांच्या वेळेपासून पूर्ण पॉलिसी होती, तीच चालू ठेवली होती. मात्र तिच्यात एक आकडा असतो ज्याच्याकडे आम्ही नऊ वर्षांत एकदाही नीट पाहिले नव्हते. त्याला आयडीव्ही म्हणतात, म्हणजे विमा कंपनीने मानलेली गाडीची किंमत. नवी गाडी सहा महिन्यांची होईपर्यंत या किमतीतून ५ टक्के वजा होतात, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५०. पाच वर्षांनंतर ठरीव कोष्टक नाही. कंपनी आणि मालक यांच्या संमतीने आकडा ठरतो. संमती म्हणजे प्रत्यक्षात एजंटचा फोन. "सर, आयडीव्ही थोडी खाली घेतो, हप्त्यात सात-आठशे वाचतील." आम्ही खूश होऊन हो म्हटले होते. बाजारात आमच्यासारख्या गाडीला सहज २,६०,००० मिळत होते, आणि आमच्या कागदावर १,८०,००० लिहिले होते.

हा आकडा इतका महत्त्वाचा का, ते कंपनीच्या वर्कशॉपचे एस्टिमेट आले तेव्हा कळले. एस्टिमेट होते १,५२,००० चे. सर्व्हेअर आले, फोटो काढले, खाली वाकून पाहिले आणि म्हणाले, "ही टोटल लॉसमध्ये जाईल." आम्हाला वाटले, गाडी पार गेली असे ते सांगताहेत. तसे नव्हते. नियम असा की दुरुस्तीचा आणि गाडी आणण्याचा खर्च मिळून आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर ती गाडी पूर्ण गेली असे धरतात. १,८०,००० चे ७५ टक्के म्हणजे १,३५,०००. आम्ही त्याच्या वर गेलो होतो. आयडीव्ही २,४०,००० ठेवली असती तर मर्यादा १,८०,००० झाली असती आणि हीच गाडी, हीच धडक, 'दुरुस्त होण्याजोगी' ठरली असती. वाचवलेल्या सात-आठशे रुपयांनी गाडीचे नशीब असे आधीच लिहून ठेवले होते.

अर्थात दुरुस्तीचा क्लेम मंजूर झाला असता तरी सगळे बिल कंपनीने दिले नसते. झीरो डेप नावाची जादा सोय घेतलेली नसेल तर जुन्या भागांची झीज कापली जाते. रबर, नायलॉन, प्लॅस्टिकचे भाग, टायर, बॅटरी यांचे निम्मेच मिळतात. काच पूर्ण मिळते. पत्र्याचे आणि लोखंडी भाग गाडीच्या वयावर. पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के कपात. म्हणजे समजा बोनेट ६,००० चे असेल तर आमच्या गाडीला ३,६०० मिळाले असते, ३,००० च्या बंपरचे १,५००. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे १,००० रुपये मालकाने सोसायचेच. क्लेम घेतला की पुढच्या वर्षी नो क्लेम बोनस शून्यावर येतो ते वेगळेच. पाच वर्षे क्लेम नसेल तर हा बोनस ५० टक्क्यांपर्यंत गेलेला असतो, म्हणून बंपरला ओरखडा आला की क्लेम करणारे लोक स्वतःचेच नुकसान करून घेतात.

कंपनीने आमच्यापुढे दोन वाटा ठेवल्या. एक, गाडी सोडून द्या आणि १,७९,००० घ्या. दोन, गाडी तुम्हीच ठेवा. तशा स्थितीत तिला भंगार घेणाऱ्याने ४८,००० ची बोली दिली आहे, ती वजा करून १,३१,००० घ्या आणि पुढे तुमचे तुम्ही पाहा.

दुसरी वाट दिसताच घरात आनंद झाला. कारण गावातल्या गॅरेजवाल्या मेस्त्रींनी तोवर सांगितले होते की ७०,००० त काम करून देतो. दीड लाखाचे काम सत्तर हजारांत कसे होते? वर्कशॉप प्रत्येक भाग नवा, कंपनीचा टाकते आणि मजुरीही तशीच लावते. मेस्त्री हेडलाइट, दार, रेडिएटर असा जुना माल मुंबईहून, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून मागवतात, आणि जे बदलायचे ते ठोकून सरळ करतात. यात फसवणूक काही नाही, ते तसे सांगूनच करतात. मेहुण्यांनी वहीच्या पाठीमागे हिशेब मांडला. हातात १,३१,००० येणार, ७०,००० गाडीला, राहिले ६१,०००. दुरुस्त झालेली गाडी, ठोकलेली म्हणून कमी धरली तरी १,७०,००० ची. एकूण २,३१,०००. आणि सोडून दिली तर फक्त १,७९,०००. दुरुस्तीत ५२,००० रुपये फायदा, शिवाय अब्बांची गाडी घरात. हिशेब बरोबर होता. आम्ही शाळेत गणित शिकवतो, दोनदा तपासला.

मेहुण्यांचा हिशेब मोडला तो खुद्द मेस्त्रींनी. हा माणूस सातवीपर्यंत शिकलेला, पण आम्हाला त्या दिवशी त्याने जो धडा दिला तो कुठल्या बीएडच्या वर्गात मिळाला नव्हता. त्याने बोनेट काढून ठेवले, मोजपट्टी घेतली, आणि इंजिनच्या खोलीतल्या चार ठरावीक बोल्टांवरून तिरकी मापे घेतली. डाव्या पुढच्या कोपऱ्यातून उजव्या मागच्या कोपऱ्यापर्यंत एक, उजव्या पुढच्यातून डाव्या मागच्यापर्यंत दुसरे. दोन्ही सारखी यायला हवीत, दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो. आमच्यात सतरा मिलिमीटरचा फरक होता. "मॅडम, पत्रा मी आरशासारखा करून देईन," तो म्हणाला, "पण हाड वाकलंय. एप्रन आणि खालचा क्रॉस मेंबर, दोन्ही. ओढून जागेवर आणीन. गाडी चालेल. पण अम्मींना पुढे बसवणार असाल तर मला विचारू नका."

याचा अर्थ थोडा सविस्तर सांगायला हवा, कारण सगळा निर्णय इथेच आहे. पूर्वीच्या जीपसारख्या गाड्यांना खाली लोखंडी शिडीसारखी चेसिस असे आणि वर बॉडी बसवलेली. बोलेरोसारख्या गाड्या आजही तशाच आहेत. पण आपल्या बहुतेक लहान गाड्यांना वेगळी चेसिस नसतेच. पत्र्याचेच डबे, नळ्या आणि जोड मिळून एक सांगाडा बनतो, त्याला मोनोकॉक म्हणतात. पुढचा भाग मुद्दाम असा केलेला असतो की धडक बसली की तो ठरावीक पद्धतीने घड्या पडत चेपावा आणि धक्का स्वतः खाऊन माणसांच्या खोलीपर्यंत कमी पोहोचू द्यावा. हे काम तो एकदाच नीट करू शकतो. घडी पडलेला पत्रा ओढून सरळ केला तरी तो आधीचा पत्रा राहत नाही. त्याला आग देऊन गरम केले तर आणखी कमजोर होतो. पुढच्या वेळी तो कुठे वाकेल, कसा वाकेल, हे कोणी सांगू शकत नाही. मापे चुकली तर चाके सरळ राहत नाहीत, टायर एका बाजूने खातात, अलाइनमेंट दर महिन्याला करूनही गाडी एका अंगाला ओढते. धडकेत ताण सोसलेला सीट बेल्टही बदलायचा असतो, हे तर आम्हाला माहीतच नव्हते. तो ओढला की परत गुंडाळला जातो, म्हणजे ठीक आहे असे आपण समजतो.

म्हणून ठोकलेल्या गाडीपुढे उभे राहिल्यावर 'खर्च किती' हा पहिला प्रश्न नव्हे. काय वाकले, हा पहिला प्रश्न. आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्यांची तीन वर्षांची गाडी त्याच पावसाळ्यात रिक्षाला धडकली. बंपर, बोनेट, डावे मडगार्ड, हेडलाइट, रेडिएटर, असे ९०,००० चे बिल झाले. आकडा ऐकून ते गाडी विकायला निघाले होते. पण गेलेले सगळे भाग बोल्टांनी बसणारे होते, सांगाड्याला काही नव्हते, मापे बरोबर आली. त्यांनी दुरुस्त केली, विम्याने बरेचसे बिल दिले, गाडी आजही व्यवस्थित चालते आहे. ती विकली असती तर तो वेडेपणा झाला असता. दिसायला त्यांची गाडी आमच्या गाडीपेक्षा जास्त मोडलेली होती, हे विशेष.

आमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. २०१५ च्या आमच्या मॉडेलला एअरबॅग नव्हत्या आणि एबीएसही नव्हते. एबीएस म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा; ती असती तर कदाचित आम्ही डंपरला वळसा घालू शकलो असतो. नव्या गाड्यांना एबीएस एप्रिल २०१९ पासून सक्तीचे झाले, चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून, आणि शेजारच्या सीटची एअरबॅग सर्वच गाड्यांना २०२१ संपता संपता. म्हणजे ७०,००० खर्चून आम्ही पुन्हा बिना-एबीएसची, बिना-एअरबॅगचीच गाडी घरी आणणार होतो, तीही वाकलेल्या हाडाची.

आणि ती कधी विकायची झाली तर? मेहुणे म्हणाले, वर्षभर वापरा आणि रंगरंगोटी करून काढा, लांबी भरून रंग मारला की कोणाला कळते. ओल्या धान्याच्या ढिगाची हदीस आपल्या घरांत मुलांनाही ठाऊक असते. ऐब सांगून विकायची तर १,७०,००० सुद्धा कोण देणार? मेहुण्यांच्या हिशेबातला तो आकडा न सांगता विकण्याचा होता. हे त्यांच्याही लक्षात आले नव्हते. लक्षात आल्यावर त्यांनी वही बंद केली.

सर्वात अवघड अम्मींना सांगणे. आम्ही एस्टिमेट दाखवले नाही, मापेही सांगितली नाहीत. मेस्त्रींचे शेवटचे वाक्य तेवढे सांगितले. त्या बराच वेळ गुडघ्याला तेल चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यांनी गाडी घेतली ती आपल्याला बसवायला. ठेवून द्यायला नाही." त्यानंतर तो विषय त्यांनी काढला नाही. गाडी जायच्या दिवशी फक्त डॅशबोर्डच्या कप्प्यातली अब्बांची पेट्रोलची डायरी मागून घेतली. प्रत्येक वेळी किती लिटर, किती किलोमीटर, नऊ वर्षांपैकी सहा वर्षांची नोंद त्यांच्या अक्षरात आहे.

मोडकी गाडी देताना कागदांची काळजी घ्यावी लागते, आणि इथे लोक सर्वात जास्त फसतात. स्टॅम्प पेपरवर 'गाडी विकली' असे लिहून दिले की आपण मोकळे झालो असे समजतात, आणि फॉर्म २९ व ३० वर कोऱ्या सह्या करून देतात. आरसीवर नाव मात्र आपलेच राहते. तीच गाडी कोणी दुरुस्त करून रस्त्यावर आणली आणि अपघात केला तर ज्याच्या नावावर नोंद आहे तोच मालक धरला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तसा निकाल दिलेला आहे. गाडी भंगारातच जाणार असेल तर आरटीओला १४ दिवसांत कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची. कोणी दुरुस्त करून चालवणार असेल तर त्याच्या नावावर करून द्यायची. आम्ही फॉर्म पूर्ण भरून, तारीख आणि घेणाऱ्याचे नाव घालूनच सही केली, आधार कार्डाची प्रत ठेवून घेतली, दिलेल्या वेळेसह पावती घेतली. कंपनीचा माणूस जरा वैतागला. वैतागू द्यावे.

पुढची गाडी नवी घ्यायची तर बँकेचे व्याज आले, आणि ते आम्हाला नको होते. कुवेतला असलेल्या धाकट्या भावाने १,५०,००० कर्ज-ए-हसना म्हणून दिले. भाऊ असला तरी रक्कम, तारीख आणि फेडीची मुदत दोन साक्षीदारांसमोर लिहून घेतली. तसा हुकूमच आहे, आणि भावाभावांत तो पाळायला आपण लाजतो. विम्याचे १,७९,००० आणि घरातले ७६,०००. एकूण ४,०५,००० त २०२० ची वापरलेली गाडी मिळाली. घरातले ७६,००० म्हणजे अम्मींच्या उमराहसाठी बाजूला काढलेले होते. ते पुन्हा जमवतो आहोत.

वापरलेली गाडी बघताना आम्ही मेस्त्रींनाच बरोबर नेले, एक दिवसाची मजुरी देऊन. त्यांनी आधी बोनेट आणि मडगार्डचे बोल्ट पाहिले. पान्याचे वण असतील, बोल्टावरचा रंग फुटलेला असेल तर भाग कधीतरी काढलेला आहे. सगळ्या काचांवरचे वर्ष वाचले. एखादी काच गाडीपेक्षा नवी असेल तर का, असे विचारायचे. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझायला हवा. लागतच नसेल किंवा विझतच नसेल तर गाडी तिथेच सोडायची. २०१९ ते २०२१ मधल्या अनेक गाड्यांना फक्त चालकाची एअरबॅग आहे, हेही तपासावे लागते. आम्ही पाहिलेली पहिली गाडी तशीच निघाली. दुसरीला एप्रनवर नवी वेल्डिंग होती. म्हणजे आमच्यासारखीच कोणाची तरी, ऐब न सांगता विकायला काढलेली. तिसरी घेतली.

ती घरी आली त्या दिवशी अम्मी फाटकाशी उभ्या होत्या. पुढच्या सीटवर बसल्या, समोरच्या डॅशबोर्डवर कोरलेली अक्षरे बोटाने चाचपली आणि विचारले, "यातून फुगा निघतो म्हणता?" हो म्हटल्यावर त्यांनी पट्टा ओढून लावला आणि म्हणाल्या, "चला, खेडला जाऊ. मंगनीची मिठाई राहिलीय द्यायची."